सर करीमभॉय इब्राहिम : घरातल्या नावांच्या गिरण्या

रमजान लागला की पवनीच्या बाजारातला दुकानदारही वर्षाची वही काढून बसतो. माल किती, उधारी किती, सोने-चांदी किती, देणे किती. जे उरेल त्यावर शेकडा अडीच रुपये जकात. हा हिशेब एका वर्षाचा. आयुष्यभराच्या कमाईचा हिशेब मात्र माणूस गेल्यावरच लागतो. मुंबईचे सौदागर सर करीमभॉय इब्राहिम यांच्या इंतकालाला शंभर वर्षे उलटून गेली आहेत. त्यांच्या खात्यावर काय टिकले आणि काय गेले, हे आता स्पष्ट दिसते.

करीमभॉय खोजा जमातीचे. घराणे मूळचे कच्छचे, दर्यावर्दी व्यापाऱ्यांचे, आडनाव पबानी. जन्म 1839-40 च्या सुमाराचा. पंधरा-सोळा वर्षांच्या वयात, मिसरूड फुटायच्या आधीच, त्यांनी व्यापारात पाय टाकला. मुंबई तेव्हा आगगाडीच्या नव्या रुळांनी मुलखाशी जोडली जात होती. करीमभॉयची नजर मात्र समुद्रापलीकडे, चीनकडे होती. हाँगकाँग आणि शांघायपर्यंत त्यांच्या पेढीचे व्यवहार पसरले. तिकडे सूत, कापूस आणि अफू जाई. तिकडून रेशीम, चहा येई.

अफूचा उल्लेख टाळून हे चरित्र सांगता येत नाही. तो धंदा त्या काळी इंग्रज सरकारच्या मान्यतेने चालत होता आणि मुंबईतल्या पारशी, यहुदी, हिंदू, मुसलमान अशा सर्वच बड्या पेढ्या त्यात होत्या. पण सरकारने मान्य केले म्हणून नशेचा माल हलाल होत नाही. त्या पिढीच्या सौदागरांच्या वहीतले हे पान काळेच राहणार.

पुढे त्यांनी पैसा गिरण्यांकडे वळवला. 1888 च्या सुमारास त्यांनी गिरणी धंद्यात प्रवेश केला आणि मग एकामागून एक गिरण्या उभ्या राहत गेल्या. त्यांची नावे वाचली तरी या माणसाचा स्वभाव कळतो. एक करीमभॉय मिल, एक थोरल्या मुलाच्या नावाची महमदभॉय मिल, एक दुसऱ्या मुलाच्या नावाची फाजलभॉय मिल आणि एक वडिलांच्या नावाची इब्राहिमभॉय पबानी मिल. आजोबा, बाप आणि लेक अशा तीन पिढ्या मुंबईच्या धुराड्यांखाली एकत्र नांदत होत्या. एका गिरणीचे नाव क्रेसेंट, म्हणजे चंद्रकोर. इंदूरची माळवा युनायटेड मिलही याच घराने चालवायला घेतली. पेढीच्या पाटीवरही ‘आणि सन्स’ होतेच. मुले नुसती वारस नव्हती. ती कारभार पाहत होती. फाजलभॉय तर मुंबईच्या गिरणीमालक संघाचे अध्यक्ष झाले.

या भरभराटीत विदर्भाचाही वाटा होता. इथला कापूस रेल्वेने मुंबईला जाई आणि तिथल्या गिरण्यांत त्याचे सूत निघे. पवनी मात्र बारीक सुताच्या हातमागावरच्या कापडासाठी ओळखली जाणारी. गिरण्या वाढल्या तसे इथले विणकर गिरणीचेच सूत मागावर चढवू लागले आणि बाजारात गिरणीच्याच कापडाशी झुंजू लागले. मुंबईच्या शेठियांच्या कहाण्या सांगताना ही बाजू सहसा कोणी सांगत नाही.

करीमभॉयनी दिलेही भरपूर. अनाथ मुलांसाठी माटुंग्याला त्यांच्या नावाचा यतीमखाना उभा राहिला. ज्याचा बाप स्वतःचे नाव गिरणीवर लावू शकत होता त्या मुलांसाठी त्यांनी गिरण्या काढल्या आणि ज्यांना बापच नव्हता त्यांच्यासाठी घर. पण त्यांचे सर्वांत मोठे दान ना जमातीसाठी होते, ना मजहबासाठी. 1905 साली मुंबईत प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते एका वस्तुसंग्रहालयाची कोनशिला बसली. पुढे पैशाचा प्रश्न आला. सरकारने तीन लाख रुपये दिले, महापालिकेने अडीच लाख. करीमभॉयनी एकट्याने तीन लाख दिले. म्हणजे एका व्यापाऱ्याचा वाटा सरकारइतकाच झाला. इमारत 1914 च्या सुमारास बांधून झाली, पण महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ चालले आणि संग्रहालयाचे दार लोकांसाठी 1922 साली उघडले. ते पाहायला करीमभॉय हयात होते.

मानसन्मानही आले. आधी ‘सर’ झाले, मग 1910 मध्ये बॅरोनेट. हा किताब बापाकडून थोरल्या मुलाकडे जाणारा. किताबाला शोभेल अशी मालमत्ता घरात राहावी म्हणून तिचा ट्रस्ट करायचा रिवाज होता. त्यासाठी 1913 साली खास कायदा झाला. एवढ्या मोठ्या कुटुंबाची बाप म्हणून जेवढी तजवीज करता येईल तेवढी त्यांनी केली. 1924 च्या सप्टेंबरमध्ये, पंच्याऐंशीच्या आसपास, त्यांनी डोळे मिटले.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला बोनससाठी मुंबईच्या गिरणी कामगारांचा मोठा संप होऊन गेला होता. मग 1928 चा सहा महिन्यांचा संप आला. जपानी कापड स्वस्तात येऊन पडत होते, जगभर मंदी होती. गिरण्या नावाने वेगवेगळ्या असल्या तरी त्यांचा कारभार आणि पत एकाच पेढीच्या हाती होती. पेढीची पत ढासळताच सगळ्याच डळमळल्या. 1930 नंतरच्या तीन-चार वर्षांत घराण्याचा डोलारा कोसळला आणि बाप-लेकांच्या नावांच्या गिरण्या दुसऱ्यांच्या हाती गेल्या. 1928 साली गेलेल्या महमदभॉयना ही पडझड पाहावी लागली नाही. फाजलभॉयच्या वाट्याला मात्र ती आली. 1959 मध्ये बॅरोनेट किताबाच्या ट्रस्टचा कायदाही रद्द झाला आणि मालमत्ता वाटली गेली.

ती तीन लाखांची इमारत मात्र मुंबईत काळा घोड्याजवळ उभी आहे. आता तिचे नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. सहलीला आलेली शाळकरी मुले तिकिटाच्या रांगेत गलका करतात, घुमटाखाली मान वर करून उभी राहतात आणि शिक्षकांनी हाक मारली की पुढच्या दालनाकडे पळतात.