नरगुंदचे ज्योतिर्गणिती व्यंकटेश बापूजी केतकर

हुबळीहून विजापूर रस्त्याने निघालो आणि नवलगुंद मागे पडले, की नरगुंदचा डोंगर दिसू लागतो. त्या गावाने आपल्याला एक थोर ज्योतिर्गणिती दिला. गणपती कोणत्या दिवशी बसवायचा हे आपण ज्या पंचांगात पाहतो, ते आकाशाशी जुळावे म्हणून त्यांनी आयुष्य वेचले. त्यांचे स्मरण या स्मरणिकेत करताना आम्हाला आनंद होतो.

व्यंकटेश बापूजी केतकर यांचा जन्म जानेवारी १८५४ मधला. नरगुंद तेव्हा भावे घराण्याचे संस्थान होते. १८५८ मध्ये बाबासाहेब भावे यांना बेळगावात फाशी झाली, संस्थान खालसा झाले आणि गाव पुढे धारवाड जिल्ह्यात आले. केतकरांनी पोटासाठी शिक्षकी पत्करली. बागलकोटच्या इंग्रजी शाळेत ते शिकवीत आणि उरलेला वेळ गणिताला देत.

आपल्याकडची पंचांगे तेव्हा बहुतांशी 'ग्रहलाघव' या १५२० च्या सुमाराच्या ग्रंथावरून होत. गणेश दैवज्ञांचा तो ग्रंथ मोठ्या योग्यतेचा. पण शतके लोटली तशी त्यातली सूक्ष्म चूक साठत गेली. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी होते. चंद्राचे स्थान चुकले की तिथीची वेळ चुकते, ग्रहणाचीही चुकते. केतकरांनी युरोपातली नवी ग्रहगणिते अभ्यासून ती आपल्या रीतीत बसवली. 'ज्योतिर्गणितम्', 'केतकी ग्रहगणितम्', 'वैजयंती' हे त्यांचे ग्रंथ संस्कृतात आहेत, त्यामुळे जुन्या वळणाच्या ज्योतिषांनाही ते वापरता आले.

नक्षत्रचक्राचा आरंभ कोठे धरावा, यावर मात्र वाद होता. लोकमान्य टिळक रेवतीपक्षाचे, केतकर चित्रापक्षाचे. यामुळे कधी अधिक मास निराळा पडतो आणि टिळक पंचांग पाळणाऱ्या घरी गणपती महिनाभर आधी येतो. १९५५ मध्ये भारत सरकारच्या पंचांग सुधारणा समितीने चित्रापक्षच स्वीकारला.

मे १९११ मध्ये फ्रेंच खगोल संस्थेच्या पत्रिकेत केतकरांनी नेपच्यूनपलीकडच्या ग्रहाचे गणित मांडले. सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या ३८.९५ पट, प्रदक्षिणा २४२.२८ वर्षांची. १८ फेब्रुवारी १९३० रोजी अमेरिकेत क्लाइड टॉम्बॉ यांना प्लूटो सापडला. त्याचे अंतर सुमारे ३९.५ पट आणि प्रदक्षिणा २४८ वर्षांची निघाली. पर्सिव्हल लॉवेल यांनी वर्तवलेले अंतर ४३ पट होते.

केतकरांच्या गणितावरून प्लूटो शोधला गेला असे मात्र म्हणता येत नाही. टॉम्बॉंना तो आकाशाची छायाचित्रे ताडून पाहताना दिसला. २००६ पासून तर प्लूटो बटुग्रहांत गणला जातो आणि लघुग्रहांच्या यादीत त्याचा क्रमांक १३४३४० आहे. तरीही बागलकोटच्या एका मास्तरांनी कागदावर काढलेले आकडे इतके जवळ यावेत, याचे कौतुक वाटतेच.

१९३० च्या ऑगस्टमध्ये केतकर वारले. आज आपल्या घरी येणारी बहुतेक पंचांगे चित्रापक्षाचीच असतात. यंदा चतुर्थीची वेळ पाहताना घरातल्या मुलांना नरगुंदच्या या केतकरांबद्दल आवर्जून सांगावे, ही आमची विनंती.