जनरल लेस्ली ग्रोव्हज : वाळवंटात टेलिफोनच्या तारा पुरणारा माणूस

६ ऑगस्टला हिरोशिमा दिनाच्या परिपाठात आपण अणुबॉम्बची माहिती सांगतो आणि नाव घेतो ते ओपेनहायमर यांचं. मागे माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं, सर, वाळवंटात एवढी माणसं राहिली, मग त्यांनी पाणी कुठून आणलं? मला उत्तर येत नव्हतं. शोधायला बसलो, तेव्हा भेटले जनरल ग्रोव्हज.

लेस्ली ग्रोव्हज यांचा जन्म १७ ऑगस्ट १८९६ चा, अमेरिकेतल्या ऑल्बनी गावचा. वडील सैन्यात धर्मगुरू. १९१८ मध्ये वेस्ट पॉइंटच्या सैनिकी अकादमीतून ते चौथ्या क्रमांकाने बाहेर पडले आणि सैन्यात इंजिनिअर झाले. पेंटागॉनच्या प्रचंड इमारतीच्या बांधकामावर देखरेख त्यांचीच. दुसऱ्या महायुद्धात त्यांना आघाडीवर जायचं होतं. पण सप्टेंबर १९४२ मध्ये गळ्यात पडलं ते अणुबॉम्बचं गुप्त काम. ओपेनहायमर यांना निवडलं तेही यांनीच.

बॉम्ब तयार होत आला, पण चाचणी कुठे घ्यायची? न्यू मेक्सिकोतलं एक ओसाड वाळवंट ठरलं. लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेपासून ते तीनशे किलोमीटरहून जास्त लांब. आता मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. तिथल्या विहिरींचं पाणी खारट, पिण्याच्या कामाचं नाही. पिण्याचं पाणी सोकोरो गावातून गाडीने यायचं! टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या गावांना हे वेगळं सांगायला नको.

७ मे १९४५ ला १०० टन साध्या स्फोटकांची रंगीत तालीम झाली आणि उणिवा उघड्या पडल्या. गाड्यांच्या धुळीने उपकरणं बिघडत होती, म्हणून ३२ किलोमीटर रस्ता पक्का केला. टेलिफोनच्या तारा चाकांखाली तुटू नयेत म्हणून जमिनीत पुरायच्या ठरल्या. ट्रक, रेडिओ, फोन वाढवले. लॉस अलामोसशी बोलायला टेलिप्रिंटर बसला. मेसची खानावळसुद्धा सुधारली. जागेवर हे सगळं बघत होते चाचणीप्रमुख बेनब्रिज, पण पैसा आणि माणसं मिळायची ती ग्रोव्हज यांच्या जोरावर. आपल्याकडे स्नेहसंमेलनाची तालीम झाली की माइकच्या वायरची आठवण होते, तसंच की हे!

१५ जुलैच्या रात्री वादळ आलं. चाचणी पहाटे ४ ला होती, ती पुढे ढकलली. ग्रोव्हज हवामानतज्ज्ञावर चांगलेच तापले. राज्याच्या गव्हर्नरना त्यांनी रात्रीच फोन केला, कदाचित लष्करी कायदा लावावा लागेल म्हणून. शेवटी १६ जुलैला पहाटे साडेपाचच्या सुमारास स्फोट झाला. ३० मीटर उंचीचा पोलादी मनोरा जागच्या जागी नाहीसा झाला.

इथे मात्र मी अडखळतो. ग्रोव्हज यांनी १६० सैनिक तयार ठेवले होते. ४५० लोकांना हलवता येईल इतक्या गाड्या होत्या, दोन दिवसांची शिधासामग्रीही होती. त्यातलं काहीच वापरलं गेलं नाही. त्या भागात गुरं राखणारी, पावसाचं पाणी टाक्यांत साठवून पिणारी कुटुंबं राहत होती. त्यांना ना आधी कोणी कळवलं, ना नंतर. वर्तमानपत्रांना सांगितलं, दारूगोळ्याचं कोठार उडालं, कोणाला इजा नाही. वरून राख पडत होती. गुरांच्या पाठी भाजल्या, केस पांढरे झाले. वॉशिंग्टनला फोन गेला, जर्मनीत असलेल्या राष्ट्राध्यक्षांना सांकेतिक निरोप गेला. शेजारच्या घराला नाही.

गुप्तता फुटली असती तर? ग्रोव्हज यांच्या जागी बसून हा विचार मी करून पाहिला. युद्ध चालू होतं, ते मान्य. पण गाड्या तर तयार उभ्या होत्या ना!

१९४८ मध्ये ग्रोव्हज सैन्यातून निवृत्त झाले, मग एका कंपनीत नोकरी केली, १९६२ मध्ये आठवणींचं पुस्तक लिहिलं. १३ जुलै १९७० ला हृदयविकाराने ते गेले, चाचणीला २५ वर्षं पुरी व्हायला तीन दिवस कमी होते. आणि ती कुटुंबं? अणुचाचण्यांच्या किरणोत्सर्गाने आजारी पडलेल्यांसाठी अमेरिकेत १९९० मध्ये भरपाईचा कायदा झाला. त्यात न्यू मेक्सिकोतल्या या लोकांचा समावेश व्हायला २०२५ साल उजाडलं.