बुकबाइंडिंगच्या दुकानातून ‘फॅरड’पर्यंत

सुपरकपॅसिटरवर रिसर्च करणारा एखादा मित्र असेल तर त्याची लॅबची वही एकदा चाळून बघा. इलेक्ट्रोड, इलेक्ट्रोलाइट, आयन, अ‍ॅनोड, कॅथोड, फॅरड, फॅराडिक रिअ‍ॅक्शन हे शब्द पानोपानी भेटतील. यातले काही शब्द एकाच माणसाने विज्ञानात आणले आणि उरलेले त्याच्या आडनावावरून पडले. गंमत म्हणजे हा माणूस कॉलेजची पायरी कधी चढलाच नाही. त्याचं नाव मायकेल फॅरेडे.

जन्म २२ सप्टेंबर १७९१, लंडनलगतच्या न्यूइंग्टनमध्ये. वडील लोहार, तेही कायम आजारी. लिहिणं, वाचणं आणि जेमतेम हिशेब एवढंच काय ते शिक्षण झालं. तेराव्या वर्षी पोरगा जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे वर्तमानपत्रं पोचवायला लागला. वर्षभराने त्याच दुकानात सात वर्षांसाठी बाइंडिंग शिकायला राहिला. रिबो यांनी त्याच्याकडून शिकवण्याची फी घेतली नाही.

बाइंडिंगला आलेली पुस्तकं मायकेल आधी वाचायचा, मग शिवायचा. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट यांचं केमिस्ट्रीवरचं पुस्तक त्याच्या हाती पडलं आणि पोरगा झपाटलाच. वाचून झालं की करून बघायचं, ही सवय तेव्हापासूनची. १८१२ मध्ये त्याने अर्ध्या पेनीची सात नाणी, जस्ताच्या सात चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद एकावर एक रचले. झाली बॅटरी तयार! दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट पाणी. आजच्या भाषेत सांगायचं तर दोन इलेक्ट्रोड आणि एक इलेक्ट्रोलाइट. फक्त हे शब्द अजून जन्माला यायचे होते.

त्याच वर्षी एका गिऱ्हाइकाने त्याला सर हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. डेव्ही म्हणजे रॉयल इन्स्टिट्यूशनचे स्टार केमिस्ट. मायकेलने चार व्याख्यानं ऐकली, नोट्स काढल्या, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हाताने बाइंडिंग केलं आणि ती वही थेट डेव्हींकडे पाठवून नोकरी मागितली. जागा नव्हती. काही महिन्यांनी लॅबमधल्या मदतनिसाला मारामारीवरून काढून टाकलं आणि डेव्हींना हा पोरगा आठवला. १ मार्च १८१३ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, आठवड्याला २५ शिलिंग पगारावर मायकेल फॅरेडे रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रुजू झाले.

पुढचं सगळं सोपं होतं असं समजू नका. त्याच वर्षी डेव्हींबरोबर युरोपच्या दौऱ्यावर जाताना त्यांना डेव्हींच्या नोकराचीही कामं करावी लागली आणि डेव्हींच्या पत्नीने त्यांना नोकरासारखंच वागवलं. पण त्याच दौऱ्यात बॅटरीचे जनक व्होल्टा यांना भेटायलाही मिळालं. १८२१ मध्ये फॅरेडेंनी विजेच्या जोरावर तार चुंबकाभोवती गोल फिरवून दाखवली, तेव्हा दुसऱ्या शास्त्रज्ञाची कल्पना ढापली अशी कुजबुज सुरू झाली. १८२४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, तेही खुद्द डेव्हींचा विरोध असताना. ज्यांनी दार उघडलं, तेच दारात उभे राहिले. फॅरेडे मात्र डेव्हींचे उपकार कधी विसरले नाहीत.

१८३१ मधला विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध आपण शाळेत शिकलोय. जनरेटर त्याच्यावर चालतो. पण सुपरकपॅसिटरची गोष्ट त्यानंतरच्या तीन प्रयोगमालांमधून जाते.

पहिली, १८३३-३४ ची. द्रावणातून वीज सोडली की किती पदार्थ वेगळा होतो? फॅरेडेंनी मोजमाप करून दाखवलं की जितकी वीज जाते, तितक्या प्रमाणातच रासायनिक बदल होतो. या कामासाठी नवे शब्द हवे होते. त्यांनी जाणकारांना विचारलं आणि केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल यांच्याशी पत्रव्यवहार करून अ‍ॅनोड, कॅथोड, आयन हे शब्द पक्के केले.

दुसरी, १८३७ ची. पितळेच्या दोन गोळ्या, एकीच्या आत दुसरी, आणि मधल्या फटीत कधी काच, कधी लाख, कधी गंधक. मधला पदार्थ बदलला की साठणारा विद्युतभारही बदलतो, हे त्यांनी सिद्ध केलं. कपॅसिटरच्या क्षमतेला ‘फॅरड’ हे एकक मिळालं ते याच कामाचा मान म्हणून. १८८१ च्या पॅरिस काँग्रेसने त्यावर शिक्का मारला. एक फॅरड म्हणजे केवढं? दोन सपाट पत्रे मध्ये एक मिलिमीटर हवा ठेवून समोरासमोर धरले, तर प्रत्येक पत्रा सुमारे ११३ चौरस किलोमीटरचा लागेल. म्हणजे बोरिवलीच्या अख्ख्या नॅशनल पार्कला पुरून उरेल एवढा! आज हजारो फॅरडचा सुपरकपॅसिटर मुठीत धरता येतो.

हे जमलं कसं, त्याचा धागा तिसऱ्या प्रयोगात सापडतो. फेब्रुवारी १८५७. फॅरेडे पासष्ट वर्षांचे होते. स्मरणशक्ती दगा देत होती, तब्येतीमुळे मधली काही वर्षं कामही मंदावलं होतं. तरी त्यांनी रॉयल सोसायटीपुढे सोन्यावरचं संशोधन मांडलं. सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात फॉस्फरस वापरून त्यांनी माणकासारखा लाल द्रव बनवला होता. त्यात मीठ घातलं की तो निळसर व्हायचा. हा रंग सोन्याच्याच अतिसूक्ष्म कणांचा आहे, हे त्यांनी ओळखलं. मोजायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नव्हता, ‘नॅनो’ हा शब्दही कोणी वापरत नव्हतं. तेव्हा या द्रवाचा उपयोग काय, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. त्यांच्या सोन्याच्या द्रवाच्या बाटल्या रॉयल इन्स्टिट्यूशनने आजही जपल्या आहेत.

बरोबर शंभर वर्षांनी, १९५७ मध्ये, अमेरिकेत सच्छिद्र कार्बनच्या कपॅसिटरचं पेटंट निघालं. १९७१ मध्ये इटलीत रुथेनियम ऑक्साइडचा इलेक्ट्रोड कपॅसिटरसारखा वागतो हे दिसलं. कार्बनवर आयन नुसते येऊन चिकटतात. मेटल ऑक्साइडवर त्यापुढे जाऊन इलेक्ट्रॉनची खरीखुरी देवाणघेवाण होते. हीच ती फॅराडिक रिअ‍ॅक्शन, आणि तिच्यामुळे साठा वाढतो. पण ती मुख्यतः पृष्ठभागाजवळ होते. म्हणून पृष्ठभाग वाढवायचा. एक सेंटिमीटरच्या ठोकळ्याचं क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर असतं. त्याचे १० नॅनोमीटरचे तुकडे केले की ते ६०० चौरस मीटर होतं. कबड्डीची चार मैदानं आरामात मावतील!

रुथेनियम परवडत नाही, म्हणून मँगनीज, निकेल, कोबाल्ट यांची ऑक्साइड्स वापरतात. विहिरीत टाकतात ते पोटॅशियम परमँगनेट पाण्यात विरघळवून स्टीलच्या बंद भांड्यात काही तास तापवलं, की मँगनीज ऑक्साइडच्या नॅनो आकाराच्या पाकळ्या, सुया तयार होतात. दुसरी पद्धत म्हणजे पट्टी आळीपाळीने दोन द्रावणांत बुडवायची, मध्ये पाण्यात धुवायची आणि थरावर थर चढवायचा. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात अशा थिन फिल्म्सवर बरंच काम झालंय. तिसऱ्या पद्धतीत विजेनेच थर चढवतात, आणि किती वीज सोडली यावरून थराचं वजन काढतात. तो हिशेब १८३४ च्या नियमाचाच.

अडचणी आहेतच. मँगनीज ऑक्साइडमधून वीज नीट वाहत नाही, पुन्हा पुन्हा चार्ज केल्यावर थराला तडे जातात, आणि बॅटरीइतकी ऊर्जा सुपरकपॅसिटरमध्ये अजून मावत नाही. म्हणून तर लॅबमधल्या मुलांना बुडवणं, धुणं, वाळवणं, तोलणं हे रोज नव्याने करावं लागतं. चाळीसहून जास्त वर्षं स्वतःच्या प्रयोगांची डायरी ठेवणाऱ्या आणि फसलेले प्रयोगही त्यात लिहिणाऱ्या फॅरेडेंना ही दिनचर्या अगदी ओळखीची वाटली असती.

रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद त्यांनी नाकारलं. मुलांसाठीची नाताळची व्याख्यानं मात्र वर्षानुवर्षं दिली. गणित त्यांचं कच्चंच राहिलं, त्यांच्या कल्पनांना समीकरणांत मॅक्सवेल यांनी बसवलं. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्टच्या घरी ते गेले.

मार्कशीट बघून आपण किती पटकन ठरवतो, कोण लॅबमध्ये जाणार आणि कोण नाही! रिबो यांनी फी मागितली असती, किंवा त्या गिऱ्हाइकाने तिकिटं दुसऱ्या कुणाला दिली असती, तर लंडनला कदाचित एक उत्तम बाइंडर मिळाला असता. तुमच्या ओळखीत असा एखादा पोरगा किंवा पोरगी असेल, तर त्यांना ते तिकीट तुम्ही द्या.