नारायण मेघाजी लोखंडे : रविवारपलीकडची एक मागणी

रविवारची सुटी कोणाला आवडत नाही? मुंबईच्या गिरणी कामगारांना ही सुटी मिळवून देणाऱ्या नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव मोठ्या वर्गातील मुलांनी ऐकलेच असेल. आज आम्ही त्यांच्या दुसऱ्या एका मागणीविषयी सांगणार आहोत. तिची आठवण फारशी कोणी काढत नाही.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली झाला. शिक्षण बेताचेच. काही काळ रेल्वे व टपाल खात्यात नोकरी करून ते मुंबईच्या एका गिरणीत स्टोअरकीपर झाले. कामगारांचे हाल त्यांनी तेथे रोज पाहिले. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. १८८० पासून ‘दीनबंधु’ हे पत्र त्यांनी चालवले.

त्या काळची गिरणी म्हणजे दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम, फिरते पट्टे आणि हवेत कापसाची धूळ. पट्ट्यात हात सापडला की हात जाई आणि पगारही थांबे. पुढे काय? भाडे थकते, वाण्याची उधारी वाढते, बायकोचे किडुकमिडुक गहाण पडते आणि शाळेत जायच्या वयाचे पोर कामाला लागते. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांच्या मुलालाही दिवसाला नऊ तास कामावर ठेवता येत होते! आमच्या पहिली-दुसरीच्या वर्गातील मुले डोळ्यांपुढे आणून पाहा.

सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंडे यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे गेले. आठवड्याची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या त्यात होत्याच. शिवाय, कामावर गंभीर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचे अपंगत्व आल्यास त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी, अशीही मागणी होती. आम्हाला ही मागणी सर्वांत मोठी वाटते, कारण तिच्यात कामगाराबरोबर त्याच्या घराचाही विचार आहे.

१० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. जखमींची मागणी मात्र तशीच राहिली. १८९७ च्या फेब्रुवारीत, मुंबईत प्लेगचे थैमान चालू असताना, लोखंडे प्लेगनेच गेले. वय जेमतेम एकोणपन्नास.

नुकसानभरपाईचा कायदा झाला १९२३ साली आणि लागू झाला १ जुलै १९२४ पासून. म्हणजे निवेदनानंतर चाळीस वर्षांनी. त्यात कामामुळे होणाऱ्या रोगांची एक छोटी यादीही होती. शिशाची विषबाधा तिच्यात होती, पण कापसाच्या धुळीने जडणारा छातीचा विकार नव्हता. आपल्या इंदूरच्या मिलांत ज्यांचे आजोबा-पणजोबा कामाला होते, त्या मुलांनी घरी जाऊन त्यांच्या खोकल्याविषयी जरूर विचारावे.