मायेची उशी

ताडकळसला आमच्या गल्लीत एक काकू राहत. स्टोचा भडका उडून त्यांचा गळा भाजला. बरे वाटावे म्हणून माझ्या आईने त्यांच्या मानेखाली मऊ उशी दिली. जखम भरली, नारळ फोडला गेला. पण पुढे हनुवटी हळूहळू छातीकडे ओढली गेली. समोरच्याचे तोंड पाहायला काकूंना कमरेतून मागे वाकावे लागे. आम्ही त्याला नशिबाचे भोग म्हणत असू. ते टळू शकले असते, हे मला फार उशिरा, डॉ. नोशीर अंतिया यांचे चरित्र वाचताना उमगले.

अंतियांचा जन्म १९२२ चा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून ते इंग्लंडला गेले. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांना चेहरे परत देणाऱ्या सर हॅरॉल्ड गिलीज यांच्याकडे त्यांनी प्लास्टिक सर्जरीचे धडे घेतले. परतल्यावर पैशाच्या मागे न लागता पुण्याजवळ कोंढव्याला त्यांनी कुष्ठरुग्णांची वाकलेली बोटे आणि बसलेली नाके दुरुस्त केली. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला.

या शास्त्राचे भाजलेल्यांसाठी सांगणे साधे आहे. खोल भाजले की कातडी खालून पुन्हा उगवत नाही. शरीर कडा ओढून जखम मिटवते आणि व्रण आकसतो. म्हणून जळालेला थर वेळीच काढून तेथे मांडीची पातळ कातडी लावायची. गळा भाजला असेल तर उशी द्यायची नाही, मान किंचित मागे ठेवायची. सांधे आधार बांधून ताणलेले ठेवायचे, रोज हलवायचे. व्रण आकसला, तरी तो कापून मान मोकळी करता येते. मात्र कातडी लावल्यावर कित्येक महिने गळपट्टा सोडायचा नाही.

असे ज्ञान शहरातच अडकते, याची अंतियांना खंत होती. १९७५ मध्ये त्यांनी सामुदायिक आरोग्याच्या संशोधनासाठी संस्था काढली आणि रायगड जिल्ह्यात मांडव्याला गावातल्याच बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २००७ मध्ये ते गेले.

काकू शेवटपर्यंत तशाच राहिल्या. आईची माया खोटी नव्हती. उशी काढा, एवढे सांगणारे मात्र आमच्या गल्लीत कुणी नव्हते.