पाच मुलींना निरोप देणारा आलिम : हाफिज इब्न हजर अस्कलानी (रह.)

अल्लाह रहमान आहे, रहीम आहे, सगळं त्याच्या हातात आहे, मग ज्यांनी काही गुन्हा केला नाही अशी लेकरं का मरतात? हा प्रश्न आपल्या घरातली कॉलेजात जाणारी मुलं आता उघडपणे विचारतात. मोठी माणसं विचारत नाहीत, पण एखाद्या छोट्या जनाज्यामागून चालताना तो त्यांच्याही मनात येतोच. आपण बहुतेक वेळा काय करतो? "तौबा कर, असं बोलू नये" म्हणून विषय बंद करतो. आम्हाला वाटतं, हे बरोबर नाही. गप्प केलेला प्रश्न मिटत नाही, तो आत जाऊन बसतो. आणि आपल्या दीनच्या मोठ्या आलिमांना हा प्रश्न पुस्तकातून कळला नव्हता, तो त्यांच्या घरात येऊन गेला होता. त्यातल्याच एकाची ही हकीकत.

सहीह बुखारीची सर्वांत नावाजलेली शरह म्हणजे 'फतहुल बारी'. जगभरच्या मदरशांत आणि आपल्याकडच्या दारुल उलूमांतही तिचा आधार घेतला जातो. ती लिहिणारे हाफिज इब्न हजर अस्कलानी शाफई मसलकाचे होते. आपल्या कोकणातले मुस्लिम याच मसलकाचे, म्हणून तिथल्या वाचकांना हे नाव अनोळखी नसेल. (शाफई फिक्हच्या किताबांत आणखी एक इब्न हजर भेटतात, ते हैतमी. ते पुढच्या शतकातले. दोघांची गल्लत करू नये.)

इब्न हजर यांचा जन्म हिजरी ७७३ मध्ये, म्हणजे इ.स. १३७२ मध्ये, इजिप्तमध्ये झाला. आई लवकर गेली. चार वर्षांचे असताना वडीलही गेले. वडिलांनी जाण्याआधी मुलाला एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या, जकीउद्दीन खर्रूबी यांच्या, हवाली केलं होतं. थोरली बहीण सित्तुर्रक्ब हिने धाकट्या भावावर इतकी माया केली की आईनंतर तीच आपली आई, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. ती बहीणही तरुणपणीच, हिजरी ७९८ मध्ये वारली.

यतीम पोर, पण डोकं तल्लख. नवव्या वर्षी कुरआन हिफ्ज झालं. बाराव्या वर्षी मक्केत तरावीहची इमामत केली. पुढे कैरोत हाफिज इराकी यांच्याकडे दहा वर्षं हदीस शिकले. बुल्कीनी आणि इब्नुल मुलक्किन हेही त्यांचे उस्ताद. पंचविशीत त्यांचा निकाह उन्स खातून यांच्याशी झाला. ही बाई नुसती आलिमाची बायको नव्हती. त्यांनी स्वतः हदीसचं इल्म घेतलं आणि पुढे शिकवलं. इब्न हजर यांचे नामांकित शागिर्द सखावी यांनीही त्यांच्यासमोर बसून हदीस वाचली.

या जोडप्याला पाच मुली झाल्या. जैन खातून, फरहा, गालिया (काही ग्रंथांत आलिया), राबिआ आणि फातिमा. हिजरी ८१७ मध्ये इब्न हजर यांनी 'फतहुल बारी' लिहायला घेतली. पुढच्या दोनच वर्षांत त्यांच्या घरात ताऊन शिरला.

ताऊन म्हणजे प्लेग. काखेत किंवा जांघेत गाठ येणार, ताप चढणार आणि थोड्याच दिवसांत माणूस जाणार. हिजरी ७४९ च्या सुमारास (इ.स. १३४८-४९) या साथीने आशिया, युरोप आणि उत्तर आफ्रिका उजाड केली होती. त्यानंतरही काही काही वर्षांनी ती कैरोत परत परत येत राहिली. हिजरी ८१९ च्या साथीत (इ.स. १४१६) गालिया आणि फातिमा दोघी गेल्या. फातिमा तर जेमतेम दोन वर्षांची होती.

बापाच्या मनात त्या दिवसांत काय चाललं होतं, हे सांगण्याचा दावा आम्ही करणार नाही. त्यांनी काय केलं ते मात्र माहीत आहे. त्याच वर्षी त्यांनी ताऊनविषयीच्या हदीसा, फिक्हचे मसले, हकीमांची मतं आणि आधीच्या साथींचा इतिहास गोळा करायला सुरुवात केली. ते काम नंतर बरीच वर्षं तसंच पडून राहिलं. मधल्या काळात, हिजरी ८२७ मध्ये, ते इजिप्तचे शाफई काजी-उल-कुजात झाले. सुलतानांच्या मर्जीप्रमाणे ते पद जायचं, पुन्हा मिळायचं. पुढे फरहा गेली. काही वर्षांनी राबिआ गेली. आणि हिजरी ८३३ च्या मोठ्या साथीत थोरली जैन खातूनही गेली. ती तेव्हा गरोदर होती.

पाचही मुली आई-बापांच्या डोळ्यांदेखत गेल्या. त्याच वर्षी इब्न हजर यांनी ती जुनी वही पूर्ण केली. 'बज्लुल माऊन फी फज्लित्ताऊन' हीच ती किताब.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. इन्कार करणारा माणूस म्हणतो की अल्लाह दयाळू असता तर त्याने हे होऊ दिलं नसतं, आणि समर्थ असता तर थांबवलं असतं. दोन वर्षांची फातिमा मेली, म्हणजे असा कुणी नाहीच. हा युक्तिवाद आपण हलका समजू नये. त्यात दुखावलेल्या माणसाचा खरा आवाज आहे. मग दीन इतकं खोलवर जाणणाऱ्या इब्न हजर यांचं ईमान यात मोडलं का नाही?

आमच्या समजुतीने याचं उत्तर त्यांच्याच कामात सापडतं. मोमिनाच्या घरी संकट येणार नाही, या वायद्यावर त्यांचं ईमान उभंच नव्हतं. असा वायदा इस्लामने कधी केलेला नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या सात अपत्यांपैकी सहांना स्वतःच्या हयातीत निरोप दिला. त्यांच्या मागे फक्त हजरत फातिमा (रजि.) राहिल्या. तान्हा इब्राहीम गेला तेव्हा प्रेषितांच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागलं आणि लोक म्हणू लागले की इब्राहीमच्या मौतीमुळेच सूर्य काळवंडला. दुसऱ्या कुणी हा समज राहू दिला असता. प्रेषितांनी मात्र लोकांना स्पष्ट सांगितलं की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरण्या-जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. ही हदीस बुखारीत आहे आणि इब्न हजर यांनी तिची शरह लिहिली. अल्लाहच्या सर्वांत लाडक्या बंद्याच्या दुःखासाठीही जगाची चाल बदलली नाही. हे ज्याने शिकलं आणि शिकवलं, तो स्वतःच्या दारात जनाजा आला म्हणून आपल्याला फसवलं गेलं, असं कसं म्हणेल?

दुसरी गोष्ट आम्हाला आणखी मोठी वाटते. इब्न हजर यांनी ईमान राखण्यासाठी डोळे मिटून घेतले नाहीत. हिजरी ८३३ च्या साथीत कैरोत काय घडलं, ते त्यांनी जसंच्या तसं नोंदवलं. सुरुवातीला शहरात रोज चाळीसपेक्षाही कमी माणसं मरत होती. मग तीन दिवस रोजे ठेवायचं जाहीर झालं. जमादिल अव्वलच्या ४ तारखेला, पावसाच्या दुआसाठी निघतात तसे लोक शहराबाहेर रानात जमले. काही वेळ थांबून दुआ केली आणि परतले. तो महिना संपायच्या आत रोजच्या मौतींचा आकडा हजाराच्या वर गेला. हिजरी ७४९ मध्ये दमिश्कमध्येही लोक असेच जमले होते आणि त्यानंतर साथ वाढली होती, हेही त्यांनी लिहिलं.

विचार करा. सगळे मिळून दुआ करायला गेले आणि माणसं कमी मरायच्या ऐवजी जास्त मेली, हे एक काजी-उल-कुजात स्वतःच्या किताबात लिहितो. इन्कार करणाऱ्याच्या हातात आयता पुरावा पडेल, या भीतीने तो ते दडवत नाही. ताऊनसाठी असं जमावाने बाहेर पडणं आधीच्या बुजुर्गांकडून साबित नाही, असा त्यांचा कौल होता. ज्याने त्याने आपापल्या ठिकाणी अल्लाहकडे आफियत मागावी, तौबा करावी, आजाऱ्याची विचारपूस करावी आणि सब्र करावा, असं ते सांगतात. दुआ म्हणजे बटण दाबलं की दिवा लागला, असं यंत्र नव्हे. बंदा मागतो, देणं न देणं मालकाकडे.

त्यांचं सगळंच म्हणणं आज टिकतं असं नाही. ताऊन एकाकडून दुसऱ्याला लागतो, हे त्यांनी मानलं नाही. त्यांच्या आधीच ग्रनाडाचे लिसानुद्दीन इब्नुल खतीब यांनी रोग लागतो, असं अनुभवाच्या आधाराने मांडलं होतं. प्लेगचा जंतू तर १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये सापडला. दोनच वर्षांनी तोच प्लेग मुंबईत आला आणि मुंबईतच १८९७ मध्ये हाफकिन यांनी त्यावरची लस तयार केली. थोर आलिमाचं वैद्यकीय मत चुकू शकतं. त्याने प्रामाणिकपणे लिहिलेला आकडा मात्र सहाशे वर्षांनंतरही उपयोगी पडतो.

तकदीर मानणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं, असाही एक गैरसमज आहे. इब्न हजर यांनी आपल्या किताबात हजरत उमर (रजि.) यांच्या प्रसंगाची सविस्तर चर्चा केली आहे. हिजरी १८ मध्ये हजरत उमर शामकडे निघाले होते. सरग या ठिकाणी कळलं की पुढे साथ आहे. त्यांनी मागे फिरायचं ठरवलं. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारलं की हे तकदीरपासून पळणं नाही का? हजरत उमर यांनी समजावलं की आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडेच जातोय. दरीची एक बाजू हिरवीगार आणि दुसरी उजाड असेल, तर उंट कुठेही चारले तरी ते तकदीरनेच होणार, पण शहाणा माणूस हिरवी बाजूच निवडतो. नंतर साथीच्या गावात शिरू नये आणि तिथून पळूही नये, ही प्रेषितांची शिकवण हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी सांगितली. दुःख अल्लाहच्या इल्मात आहे म्हणून औषध सोडा, असं आपल्या दीनने कुठेही शिकवलेलं नाही.

तरी एक काटा उरतोच. मोठ्या माणसाच्या दुःखाला आपण इम्तिहान म्हणू. दोन वर्षांच्या मुलीचा कसला इम्तिहान? हा प्रश्न मुस्लिम विचारवंतांनीही टाळला नव्हता. मुअतजिला म्हणत की निष्पापाला झालेल्या यातनेचा मोबदला अल्लाह आखिरतमध्ये देणारच. इमाम अशअरी यांनी याच मुद्द्यावर आपल्या उस्तादाला तीन भावांचं उदाहरण देऊन निरुत्तर केलं, असं सांगितलं जातं. एक नेक, एक बद, एक लहानपणीच मेलेला. प्रत्येकाच्या वाट्याचं कारण आपण लावू पाहिलं तर ते कुठे तरी अडकतंच. अमुक लेकरू अमुक कारणाने गेलं, हे ठामपणे सांगायची ताकद माणसात नाही. म्हणून मयतीच्या घरी जाऊन कारणं सांगत बसू नये, दुःखी आई-बापांना त्यांचे गुनाह दाखवू नयेत.

इथे सगळं आखिरतवर येऊन थांबतं. ज्याच्या लेखी कबर हा शेवट आहे, त्याच्या हिशोबात फातिमाची बाजू कधीच भरून निघणार नाही. त्याचा आक्षेप मजबूत आहे, हे आपण कबूल करावं. ज्याच्या लेखी कबर हा मधला मुक्काम आहे, त्याच्यासाठी हिशोब अजून मिटलेला नाही. लहान मुलं गमावून सब्र करणाऱ्या आई-बापांसाठी ती मुलं आगीपासून आडोसा होतील, ही खुशखबर बुखारीतच आहे. त्या हदीसची शरह लिहिणाराही हाच पाच मुलींचा बाप. ही उमेद आहे, गणिताचा पुरावा नव्हे. पण ती दुःख नाकारत नाही. दुःखाला शेवटचा शब्द मात्र देत नाही.

हिजरी ८४२ च्या रजबमध्ये, पंचवीस वर्षांनी, 'फतहुल बारी' पूर्ण झाली. कैरोबाहेर मोठी दावत झाली, सुमारे ५०० दीनार खर्च आला. त्या दावतीत पाचांपैकी एकही मुलगी नव्हती. हिजरी ८५२ च्या जिलहिज्जमध्ये, म्हणजे इ.स. १४४९ च्या फेब्रुवारीत, इब्न हजर यांचा इंतकाल झाला. जनाज्याला खुद्द सुलतान जकमक हजर होते. उन्स खातून त्यानंतरही जवळपास पंधरा वर्षं जगल्या. पाच मुली आणि शोहर गेल्यावरही त्यांच्या घरात हदीसचा धडा सुरूच राहिला.

म्हणून उद्या तुमच्या मुलाने हा प्रश्न विचारला, तर त्याला दटावू नका. जवळ बसवा आणि या घराची हकीकत सांगा. रडणं ईमानच्या विरुद्ध नाही, प्रश्न पडणं ईमानच्या विरुद्ध नाही, आजारावर इलाज शोधणं तर नाहीच नाही. ज्यांच्या घरातून छोटे जनाजे निघाले आहेत, त्या सगळ्यांना अल्लाह सब्र आणि आफियत देवो, आणि आपल्याला त्यांच्याजवळ बसून हात धरायची तौफीक देवो. आमीन.