रक्ताभिसरण दाखविणारे वैद्य विल्यम हार्वे

महाड-पोलादपुराची सावित्री समुद्रास मिळते. ते पाणी मेघ होऊन पुन्हा डोंगरांवर येते. देहातील रक्तही असेच फिरते, हे इंग्रज वैद्य विल्यम हार्वे (१५७८-१६५७) ह्यांनी दाखविले. अन्नापासून यकृतात नित्य नवे रक्त होऊन ते अंगात जिरते, असे तेव्हाचे वैद्य मानीत. हार्वे ह्यांनी हिशेब केला: अर्ध्या तासात हृदय जितके रक्त लोटते, तितके सबंध देहातही नाही, तेव्हा तेच रक्त रोहिण्यांतून जाऊन शिरांतून परत येत असले पाहिजे. १६२८ साली त्यांनी हे छापिले. लोकांनी त्यांस वेड्यांत काढिले, रोगी तुटले. तरी ते डगमगले नाहीत. रोहिण्या व शिरा जोडणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या १६६१ साली मालपीगी ह्यांस सूक्ष्मदर्शकातून दिसल्या. हार्वे त्यापूर्वी ४ वर्षे निवर्तले होते. मनगटाची नाडी चाचपताना आम्हांस त्यांचे स्मरण होते.